तो फोटो तू काढला होतास

शकुन,

ही गोष्ट सांगायची मी तीस वर्षं टाळली. विसरलो होतो म्हणून नव्हे. वर्षातून दोन-तीनदा तरी ती मी कुठल्या ना कुठल्या सभागृहात सांगतच होतो, फक्त खोटी सांगत होतो. खरी सांगायला हवी होती ती तू समोर बसलेली असताना, आणि लिहायला बसलोय तू गेल्यावर अठराव्या दिवशी. याची मला चीड येते. तुलाही आली असती. पण तू ती दाखवली नसतीस, आणि त्याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

परवा सौंदडला तुझ्या पुण्यानुमोदनाला आलो होतो. विहारासमोर मंडप होता. तुझ्या अंगणवाडीत खिचडी खाऊन मोठ्या झालेल्या पोरी आपापली मुलं कडेवर घेऊन आल्या होत्या. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. सूत्रसंचालन करणाऱ्या शिक्षकांनी माझी ओळख करून दिली, "सरांनी स्वतः धानाच्या बांधीत उतरून संशोधन केलं आणि शकुंतलाताईंसारखी कार्यकर्ती घडवली." मी उठलो. आता सांगायचंच, असं ठरवून उठलो. आणि दहा मिनिटं बोललो ते काय? गुणी, कष्टाळू, शांत स्वभावाची. हे शब्द मी कुठल्याही बाईबद्दल बोललो असतो. खाली बसताना बघितलं तर लोक माना हलवत होते. मला उठून ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही.

नंतर तुझी प्रज्ञा चहा घेऊन आली. शेजारी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सर, आई तुमच्याबद्दल कधी बोलत नव्हती. काही झालं होतं का तुमचं?"

"नाही बेटा," मी म्हणालो. "काही नाही."

तिनं मान हलवली आणि गेली. तू असतीस तर गेली नसतीस. तू तिथंच उभी राहिली असतीस, कपबशी हातात घेऊन, काही न बोलता, मी आणखी काही बोलेपर्यंत.

म्हणून आता सुरुवातीपासून सांगतो. तुला माहीत आहेच. पण बाकीच्यांना माहीत नाही, आणि माझंच सगळीकडे छापून आलेलं आहे.

तेव्हा मी गोंदियाच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होतो. नागपूरच्या एका संस्थेनं माझ्याकडे एक पाहणी सोपवली. इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या गावांमध्ये गरोदर बाया गावातल्याच आरोग्य उपकेंद्रात तपासणीला का जात नाहीत, हे शोधायचं होतं. प्रश्नावली छापून आली. शेवटचा प्रश्न होता, 'न जाण्याचे कारण', आणि खाली पाच चौकटी. अंतर, खर्च, घरच्यांचा विरोध, माहिती नाही, वेळ नाही. चार जण घ्यायचे होते, त्यात तू एक. माझीच विद्यार्थिनी, नुकतीच बी.ए. झालेली, तीन वर्षं शेवटच्या बाकावर बसून एकही प्रश्न न विचारलेली. बायांशी बोलायला एखादी बाई असावी म्हणून तुला घेतलं. त्यापलीकडे मी विचार केला नव्हता.

आम्ही गावात गेलो की अंगणात खाट टाकली जायची. खाटेवर मी. बाजूला सासरा, दारात सासू आणि दाराआड ती बाई. "उपकेंद्रात का जात नाही?" आतून आवाज यायचा, "दूर पडते जी." अंतर या चौकटीत खूण. पुढचं घर. बाकीचे तिघं दिवसाला पंधरा-पंधरा अर्ज भरून आणायचे. तू तीन आणायचीस.

"शकुन, दिवसभर करतेस काय तू?"

"बसाचं, सर. अन काय."

"बसून काय होतं?"

"काई नाई होत. थोड्या वेळानं बाई आपण आहो हे विसरते. मंग बोलते."

मी चिडलो. तू तेव्हा मला एक गोष्ट सांगितलीस, ती मी पुढे इतक्या ठिकाणी माझी म्हणून सांगितली की कुठून आली हे माझं मलाच आठवेनासं झालं. तू म्हणालीस, "सर, खाटेवर बसून विचारलं का बाई उत्तर सासऱ्याले देते. तुमाले नाई देत."

रोज संध्याकाळी मी तुमच्या वह्या तपासायचो. तुझ्या वहीत अर्जाबाहेरचं कायकाय असायचं. कोणती बाई कोणत्या प्रश्नाला पदर सारखा करते. कोणत्या घरी उत्तर येण्याआधी सासूकडे पाहिलं जातं. एक दिवस मला माझ्याबद्दलच लिहिलेलं दिसलं. आम्ही तुझ्या आईकडे दोनदा थांबलो होतो त्यानंतरचं. तू लिहिलं होतंस: 'सर चहा घेतात. जेवत नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. पुढच्या गावात जेवले. विचारलं नाही.'

मी लाल पेनानं त्याखाली 'अनावश्यक' असं लिहिलं.

ते अनावश्यक नव्हतं. आमच्या पोवारांच्या घरात, जमीनजुमला असलेल्या घरात, मी जे शिकून आलो होतो ते त्या चार ओळींत होतं. माळव्यातून आमचे पूर्वज कसे आले यावर मी वर्गात तासभर बोलायचो. आणि तुझ्या आईच्या ताटातला भात मला गिळता येत नव्हता, यावर माझ्याकडे एक वाक्यही नव्हतं. कुठल्याही प्रश्नावलीत मी स्वतःला 'जात मानत नाही' अशी खूण केली असती, आणि खोटं बोलतोय असं मला वाटलंही नसतं. पुढे मी तुझ्या घरी जेवलो, अनेकदा जेवलो. आधी का जेवलो नाही हे तू तेव्हाही विचारलं नाहीस.

मग रोवणी, म्हणजे भातलावणी, लागली आणि गावं रिकामी झाली. सगळ्या बाया धानाच्या बांध्यांत. माझी पाहणी अडकली. नागपूरहून पत्र आलं होतं, मुदत जवळ आली होती, मी सगळ्यांवर खेकसत होतो. तू एका सकाळी साडी खोचलीस आणि सरळ चिखलात उतरलीस. मी धुऱ्यावर, बांधीच्या कोरड्या कडेवर, उभा राहिलो, छत्री घेऊन.

बायांनी तुला काय कमी चिडवलं?

"बी.ए. करून बी चिखलातच आली काय वो पोरी?"

"माही रांग पाहा आधी, मंग बोला," तू म्हणालीस.

रांग सरळ होती. तुझ्या आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणी केली होती, तुला ते शिकवावं लागलं नव्हतं. मग त्यांचा मोर्चा माझ्याकडे वळला.

"अन हा छत्रीवाला कोण? पाटाचा साहेब हाय का?"

"सर हायेत माह्ये."

"मंग खाली काऊन नाई उतरत? पाय विरघळतेत का त्याईचे?"

खूप हसल्या. मीही हसल्यासारखं केलं आणि दोन पावलं मागे सरकलो.

तीन दिवस तू एकही प्रश्न विचारला नाहीस. पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या सोडवायच्या, वाकायचं, रोवायचं, मागे सरकायचं. रोवणीत बाया मागे मागे जातात, एकमेकींच्या तोंडाकडे बघत नाहीत, नजर चिखलात असते. हे मला वरून दिसत होतं, पण त्याचा अर्थ कळत नव्हता. तू नंतर समजावलंस, की समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते सोबत वाकून बोलता येतं.

चौथ्या दिवशी एक ठेंगणी, चपळ बाई कंबर सरळ न करता, कोणी न विचारता म्हणाली, "दूर कायचं वो, जवळ हाय म्हणून नाई जात."

आणि मग सगळ्याच बोलायला लागल्या.

दुपारी तू गुडघाभर पाण्यात उभी राहून मला सांगितलंस. उपकेंद्राचं दार चौकात उघडतं. समोर पानठेला. वजनाचा काटा ओसरीत. कोणती बाई काट्यावर उभी राहिली हे संध्याकाळपर्यंत गावभर. पहिले काही महिने कोणालाच सांगायचं नसतं, आणि इथं पहिल्या दिवशी पानठेल्याला कळतं. मग ते पोट टिकलं नाही, तर पुढे वर्षभर त्याच बाईकडे बघून कुजबुज. म्हणून या बाया बाजाराचं निमित्त करून बसनं सडक अर्जुनीला जात होत्या, तिथल्या गर्दीत तपासून घेत होत्या, आणि येताना पिशवीत कांदे-बटाटे घेऊन येत होत्या. ज्यांना बसचं जमत नव्हतं त्या कुठेच जात नव्हत्या. त्यांना लांबचं हवं होतं, शकुन. आमच्या अर्जात 'लांब आहे' याला चौकट होती. 'जवळ आहे' याला नव्हती.

"दार मागून पाडा, सर," तू म्हणालीस. "शेताकडून. पाणी आणाले, सरपण आणाले तिकडून जातेतच बाया. एवढंच लिवा."

"लिहू," मी म्हणालो.

रोवणीच्या शेवटच्या दिवशी मालकाला चिखल लावायची आपल्याकडे पद्धत आहे. मालक नव्हता, तो भंडाऱ्याला गेला होता. बायांनी मला धरलं. तू माझ्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतलास, "भिजल, सर," म्हणालीस. मला वाटलं वाचवायला आलीस. दोघींनी हात धरले, एकीनं छत्री हिसकली, आणि त्या ठेंगण्या बाईनं दोन्ही ओंजळी भरून चिखल माझ्या तोंडाला फासला. मी पाय घसरून बांधीत बसलो. माझ्या आयुष्यात मी बांधीत जेवढा वेळ होतो तो एवढाच. दोन मिनिटं असतील, कमीच. तू फोटो काढलास. फोटोत मी चिखलानं माखलेला, भोवती बाया पऱ्ह्याच्या जुड्या घेऊन हसतायत, आणि मीही हसतोय. फार चांगला फोटो आला. तुझा हात स्थिर होता.

अहवाल लिहायला बसलो तेव्हा आपलं भांडण झालं. कॉलेजच्या त्या लहान खोलीत, पंख्याखाली अर्जांचे गठ्ठे दगड ठेवून दाबलेले. मी म्हणालो, सगळ्या गावांत सगळ्यात जास्त खुणा 'अंतर' या चौकटीत आहेत, तेच लिहावं लागेल.

"पण ते खरं नाई, सर."

"सहा-सात बायांनी चिखलात काय म्हटलं, हे नागपूरला चालत नाही. 'जवळ' अशी चौकटच नाही शकुन."

"मंग चौकट चुकली, सर. बाया नाई चुकल्या."

"तुला अजून कळत नाही संशोधन म्हणजे काय ते."

तू गप्प झालीस. मी ते गप्प होणं मान्य केल्यासारखं धरलं. वास्तविक तू थांबली होतीस, मी पुढे काहीतरी बोलीन म्हणून. मला एवढंही ऐकू येत नव्हतं.

खरं कारण आज लिहितो. मला भीती वाटत होती. गठ्ठाभर अर्ज भरले ते चुकीच्या प्रश्नाचे, हे मी कबूल केलं असतं तर पुढची पाहणी मला मिळाली नसती. म्हणून अहवालात 'अंतर' गेलं. आणि तुझ्या कामाच्या शेऱ्यात मी लिहिलं: 'प्रश्नावलीबाहेर जाते. वेळेचे भान नाही.' पुढची पाहणी मला मिळाली. तुला बोलावलं नाही.

माझ्या अहवालानंतर त्या गावात उपकेंद्राची नवी इमारत झाली. कुठे झाली हे तुला माहीत आहे. अंतर कमी करायचं होतं ना? चौकाच्या बरोबर मध्ये.

गावाचं नाव मी इथेही लिहीत नाही. तो नियम तूच घालून दिलेला. "नाव कायले पाहिजे तुमाले, सर? बायाईले तिथंच राहाचं हाय."

पुढे तू अंगणवाडीत लागलीस. एक दिवस प्रज्ञाच्या दाखल्याच्या कामाला गोंदियाला आली होतीस, तेव्हा सहज सांगितलंस, फुशारकी नव्हतीच त्यात. नर्सबाईला तू पटवलं होतंस, की आठवड्यातून एकदा उपकेंद्र सोडून अंगणवाडीत बस. अंगणवाडीत बाई गेली तर काऊन गेली असं कोणी विचारत नाही. पोराला सोडायला गेली, खिचडी आणायला गेली, काहीही. पोषण आहाराची पोती ठेवायच्या खोलीत तू काटा ठेवलास आणि दाराला जुन्या साडीचा पडदा लावलास. बस्स. ना अहवाल, ना शिफारस. बाया यायला लागल्या. मी तुला विचारलं, "किती यायला लागल्या?" तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, "येतेत, सर."

त्याच दिवशी, निघता निघता, तू मला त्या ठेंगण्या बाईचं सांगितलंस. तिचं गाव ते रोवणीचंच, तुझ्या गावाहून वेगळं, तिथं तुझी अंगणवाडी नव्हती. ती तपासायला गेलीच नाही. अर्जुनीला जायला त्या वेळी जमलं नाही. घरीच बाळंत झाली. ती वाचली, मूल राहिलं नाही. नवं उपकेंद्र तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं.

मी काय बोललो आठवतं? मी विचारलं, "कितवा महिना होता?"

तू पिशवी उचललीस. "आता कोणता रकाना भराचा राहिला, सर?" असं म्हणून पायऱ्या उतरलीस. जन्मात एकदाच तू माझ्याशी असं बोललीस, आणि त्या दिवशी मला तुझाच राग आला होता. किती उद्धट झाली, असं मी घरी बोलून दाखवलं.

आता खोटं कसं वाढलं ते. काही वर्षांनी वारं फिरलं. आकडे पुरत नाहीत, माणसांचं म्हणणं ऐकलं पाहिजे, असं सगळीकडे बोलायला लागले. गुणात्मक संशोधन या विषयावर कार्यशाळा व्हायला लागल्या. मला एकीत बोलावलं. माझ्याकडे सांगण्यासारखं एकच होतं, तुझं. पहिल्यांदा मी म्हणालो, "आमच्या पाहणीतली एक मुलगी बांधीत उतरली." दुसऱ्यांदा, "आम्ही बांधीत उतरलो." तिसऱ्या ठिकाणी मागच्या पडद्यावर तो फोटो लावला आणि नुसतं म्हणालो, "जवळ आहे म्हणून जात नाही, असं एका बाईनं मला सांगितलं." मग टाळ्या. त्यानंतर मागे यायचा रस्ता मला होता, पण मी तो धरला नाही. पुस्तक लिहिलं, मलपृष्ठावर तोच फोटो.

शेकडो लोकांनी तो पाहिला. प्राध्यापक, संशोधक, प्रश्न विचारणं हाच ज्यांचा धंदा ते सगळे. फोटो कोणी काढला, हे एकानंही विचारलं नाही. चिखल कोणी लावला, का लावला, तो दिवस कोणता होता, हेही नाही. अंगावर चिखल आहे म्हणजे माणूस चिखलात राबला, असं सगळ्यांनी धरलं. आमच्या भागातली एखादी रोवणीची बाई त्या सभागृहात असती तर तिनं बघताक्षणी ओळखलं असतं, की हा शेवटच्या दिवसाचा चिखल आहे, हा राबलेल्याला नाही, वर उभं राहिलेल्याला लावतात.

एकदा अशी बाई होती. गोंदियाच्या कार्यशाळेला अंगणवाडी सेविकांना बोलावलं होतं, आणि तू तिसऱ्या रांगेत बसली होतीस. मी तुला पाहिलं तेव्हा फोटो पडद्यावर आलेला होता. मी थांबलो नाही. पाणी प्यायलो आणि तेच बोललो. तू ऐकत होतीस, नेहमीसारखीच, मान थोडी कलती करून.

बाहेर व्हरांड्यात तू भेटलीस. "सर, धुऱ्यावरून बांधी चांगली दिसते ना?"

मी हसलो. "चल, चहा घेऊ."

"बस हाय माही," म्हणालीस आणि गेलीस.

तू सगळ्यांसमोर उभी राहून का बोलली नाहीस? हे भांडण मला तुझ्याशी करायचं होतं आणि राहिलं. मी कित्येक वर्षं मनात तुलाच दोष देत होतो, की हिनंच अडवलं नाही. आता कळतं की हाही मी तुझ्यावर टाकलेला रकाना होता. बोलायचं काम माझं होतं. तू ऐकायला तयार होतीस, इतकंच तुझं काम होतं आणि ते तू शेवटपर्यंत केलंस.

तुझ्या कार्यक्रमाहून परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या घरी एक मुलगी आली, हातात टॅब. "अंकल, बुजुर्गों का सर्वे है, पाँच मिनट लगेंगे." बसवलं. "आप अपनी ज़िंदगी से कितने संतुष्ट हैं? एक से पाँच में बताइए." मी म्हणालो, चार. "अकेलापन लगता है? हाँ या नहीं?" नहीं. "किसी बात का पछतावा?" मी तिच्याकडे पाहिलं. तिचं बोट पडद्यावर तयार होतं. "नहीं," मी म्हणालो. "थैंक यू अंकल." गेली. पाणीही प्यायली नाही. तिचा काय दोष? मी तिच्याएवढा होतो तेव्हा असाच होतो, तिच्या दुप्पट वयाचा झालो तेव्हाही. पण ती गेल्यावर मला हुंदका आला, तू गेल्याचं कळलं त्या दिवशीही आला नव्हता तो. कारण त्या खुर्चीवर तू असतीस तर काही विचारलं नसतंस. भिंतीवरच्या माझ्या बायकोच्या फोटोचा सुकलेला हार पाहिला असतास. एकच कप धुवून पालथा ठेवलेला पाहिला असतास. म्हणाली असतीस, "भाजी कोण आणून देते, सर?" आणि तासाभरात मी सगळं ओकलो असतो.

तू म्हणायचीस, "तुमच्यात गुणात्मक म्हणतेत, आमच्यात बसाले जाणं म्हणतेत." तेव्हा मला तो विनोद वाटला होता. एका बाईनं दुसरीकडे बसायला जाणं, कोणाची चूल आज पेटली नाही हे धुरावरून कळणं, कोण हसताना मध्येच थांबलं हे लक्षात ठेवणं. यातून तू एका गावातल्या बायांचा एक प्रश्न सोडवलास. मी त्यावर प्रकरण लिहिलं.

शेवटचं भेटलो ते दोन महिन्यांपूर्वी. तू आजारी आहेस हे कळल्यावर मी सौंदडला आलो, पुस्तकाची प्रत आणि खिशात घडी घातलेला कागद घेऊन. कागदावर सगळं लिहिलं होतं, वाचून दाखवायचं ठरवलं होतं. तू खाटेवर होतीस, मी खाली चटईवर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तू वर आणि मी खाली. प्रज्ञानं जेवायला वाढलं, मी जेवलो. धानाच्या भावावर बोललो. हमरस्त्यावरच्या ट्रकांवर बोललो. तुझ्या गोळ्यांची नावं विचारली, किती वेळा घेतेस तेही विचारलं.

मग बोलणं संपलं. तू माझ्याकडे बघत होतीस.

"काई सांगाले आले होते का, सर?"

खिशावर माझा हात होता. तू थांबलीस. मला माहीत होतं तू थांबली आहेस. तुझं ते थांबणं मी पुस्तकात वर्णन केलेलं आहे, पान सुद्धा सांगू शकतो. समोरचा गप्प झाला की त्याच्या गप्प बसण्यात आपलं बोलणं टाकायचं नाही. पंखा फिरत होता. बाहेर कोणीतरी बकऱ्या नेत होतं. खोकला आला तरी तू तो दाबलास, माझ्या बोलण्याच्या मध्ये येऊ नये म्हणून.

आणि मी म्हणालो, "नाही गं. असंच. बरेच दिवस झाले होते भेटून."

"मंग बसा अजून," तू म्हणालीस.

मी गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. गाडीला अजून दीड तास होता. तो दीड तास मी सौंदडच्या फलाटावर बसून काढला.

आता हे छापायला देतोय. पुस्तक पुन्हा निघालं तर मलपृष्ठावर तो फोटो राहील, खाली लिहिलेलं असेल की चिखल कोणत्या दिवसाचा आहे आणि फोटो कोणी काढला. प्रज्ञाला हा लेख मी स्वतः नेऊन देणार आहे, आणि दिल्यावर उठणार नाही. ती जे म्हणेल ते ऐकून घेईन. तो कागद अजून खिशात आहे, घडीवर फाटलाय. त्यावर मोठमोठी वाक्यं आहेत, ती आता नकोत. तू विचारलं होतंस ना, काही सांगायला आलो होतो का म्हणून?

हो, शकुन. आलो होतो. बांधीत तू होतीस, मी धुऱ्यावर होतो. ते वाक्य तू ऐकलंस, मी विकलं. तुझं काम मी काढून घेतलं आणि त्या बायांचं म्हणणं खोडलं. तुझ्या आईच्या घरी माझं पोट ठीक होतं. माझं चुकलं. मला माफ कर.